उंच गाडी की लांब गाडी? साताऱ्यात पहिली कार घेणाऱ्यांसाठी

साताऱ्यात पहिली गाडी घ्यायची म्हटलं की घरातली चर्चा एसयूव्हीपासूनच सुरू होते. ‘आपल्याकडे घाट आहेत, गावाकडचे रस्ते असे, उंच गाडीच बरी’, असं मामा सांगतात, शेजारी सांगतात, शोरूममधला मुलगाही सांगतो. माझं मत वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. घरात चार-पाच माणसं, बहुतेक फिरणं डांबरी रस्त्यावर, अधूनमधून पुण्याची फेरी आणि सणासुदीला गावाहून भरून आणलेलं सामान, एवढं ज्यांचं काम आहे त्यांना उंच गाडीपेक्षा लांब आणि बुटकी, मागे मोठा दरवाजा असलेली गाडी जास्त उपयोगी पडते.

अशा गाडीला इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात. एखादी सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, डोळ्यांपुढे आणा. तिचा टप मागच्या काचेपाशी खाली न उतरवता थेट डिकीच्या टोकापर्यंत न्या आणि मागे टपापासून बंपरपर्यंत उघडणारा दरवाजा बसवा. झाली इस्टेट. युरोपात या गाड्या घरोघरी दिसतात. आपल्याकडेही येऊन गेल्या: १९९२ ची टाटा इस्टेट, मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ ची इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. त्यानंतर आलेल्या व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्रीसारख्या गाड्या श्रीमंतांच्या. सर्वसाधारण घराला परवडेल अशी नवी इस्टेट आज शोरूममध्ये मिळत नाही. तरीही तिचे गुण कळले, तर जे मिळतं त्यातून तिच्या सगळ्यात जवळची गाडी नेमकी उचलता येते.

या गाड्या मागे का पडल्या, याचं एक मोठं कारण करात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं आणि तेव्हापासून चार मीटर ही जणू लक्ष्मणरेषा झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही ती कायम आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. म्हणजे लांबी वाढली की कर वाढतो, उंची वाढली तर नाही. कंपन्यांनी गाड्या वरच्या दिशेनं वाढवल्या यात नवल नाही. पण ती त्यांची सोय झाली. तुमची सोय कशात आहे ते तुम्हीच तपासायचं आहे.

पायरी १: गाडी कुठे जाणार ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात घरची माणसं कुठेकुठे गेली ते आठवून लिहा. एसटीनं, भाड्याच्या गाडीनं, भावाच्या गाडीनं, सगळं धरा. बहुतेकांच्या यादीत राजवाडा, मोती चौक, पोवई नाका हे रोजचं. मग पुणे, कराड, कोल्हापूर. मग सज्जनगड, कास, ठोसेघर, वाई, महाबळेश्वर. शेवटी गाव.

आता प्रत्येक नावापुढे लिहा, डांबर की कच्चं. गावाचा शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा असेल तर त्याला घाबरू नका, तेवढं कुठलीही गाडी जाते. पण तुमचं घर जावळी किंवा पाटणच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर असेल आणि पावसाळ्यात रोज चिखलातून, दगडांतून चढायचं असेल, तर बोलेरोसारखी मजबूत चासीवरची गाडी घ्या. तिथे माझा सल्ला लागू होत नाही. अशा कामासाठी ती गाडी खरोखर चांगली आहे.

एक गोष्ट मात्र बघा. शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. त्यांची बांधणीही सेडान किंवा हॅचबॅकच्याच धर्तीची असते, बोलेरोसारखी वेगळ्या चासीवरची नसते. चिखलात त्या सेडानपेक्षा फार पुढे जात नाहीत. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, हवी असेल तर तसं स्पष्ट विचारा. नको असेल तर तिच्यासारख्या नुसत्या दिसण्याचे पैसे देऊ नका.

पायरी २: ग्राउंड क्लिअरन्सची भीती आकड्यांत मोजा

‘खालून घासते’ या दोन शब्दांवर आपल्याकडे जितक्या एसयूव्ही विकल्या जातात तितक्या कशावरच नसतील. म्हणून इथे जरा थांबू. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर.

स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आणि कुशाक ही एसयूव्ही. दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सारखं, इंजिनंही तीच. कुशाकचा ग्राउंड क्लिअरन्स १८८ मिलिमीटर, स्लाव्हियाचा १७९. फरक ९ मिलिमीटरचा, बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. बघताना मात्र कुशाक चांगली हातभर उंच वाटते, कारण उंची बॉनेटमध्ये, टपामध्ये आणि सीटमध्ये आहे, पोटाखाली नाही.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असायला हवी. असा गतिरोधक १६५-१७० मिलिमीटरची गाडी पाच माणसं बसवून आरामात ओलांडते. त्रास देतात ते गावाच्या तोंडाशी रातोरात उभे राहिलेले, उंच आणि अरुंद ढिगारे. अशा ठिकाणी लांब गाडीचं पोट मधोमध टेकू शकतं, हे खरं आहे. म्हणून तुमच्या रोजच्या वाटेवरचे असले दोन-तीन गतिरोधक आत्ताच हेरून ठेवा, ते पुढे टेस्ट ड्राइव्हला कामी येतील. आणि ब्रोशरमधला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो हे ध्यानात असू द्या. माणसं आणि सामान भरल्यावर प्रत्येकच गाडी खाली बसते, एसयूव्हीसुद्धा.

पुराचं कारणही लोक सांगतात, विशेषतः सांगली आणि कराडकडचे. २००५, २०१९ आणि २०२१ नंतर ते साहजिक आहे. पण वाहतं पाणी गाडीची उंची बघत नाही. साधारण ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात पुष्कळ गाड्या तरंगू लागतात आणि ६० सेंटिमीटरमध्ये एसयूव्हीही वाहून जाते. इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी शिरलं की आतला दट्ट्या (पिस्टन) अडतो आणि इंजिन फुटतं. पुलावरून पाणी जात असेल तर कुठल्याच गाडीनं पुढे जायचं नाही. नदीकाठी राहत असाल तर उंच गाडीवर जादा लाख घालण्याऐवजी इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्या.

पायरी ३: घाटातली गाडी ओळखा

घाटासाठी उंच गाडी हवी, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. घाटात गाडीला बुटकेपणाच उपयोगी पडतो.

वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला लोटलं जातं. वजनाचा मध्यबिंदू जितका उंच, तितकी गाडी जास्त कलते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन वळणं आणि तीच कमरेवर घेऊन वळणं, इतका हा फरक आहे. अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था यासाठी एक साधं गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं भागिले वजनाच्या मध्यबिंदूची उंची. आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटण्याची शक्यता कमी. साध्या कारमध्ये हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्हीत १.० ते १.३. इस्टेट ही कारच असल्यानं ती पहिल्या गटात बसते आणि सामान मात्र दुसऱ्या गटाएवढं किंवा त्याहून जास्त नेते. इस्टेटचं सगळ्यात मोठं बळ मला इथे दिसतं.

हे पाहायला लांब जायला नको. पसरणी घाटातून वाईहून पाचगणीला चढताना मागच्या सीटवरची मुलं कुठल्या गाडीत जास्त उलट्या करतात ते घरातल्या आईला विचारा. उंच गाडी प्रत्येक वळणावर एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला झुलते आणि मागे बसलेल्यांना ते सगळ्यात जास्त जाणवतं. खंबाटकीचंच घ्या. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावरचं ते एस वळण इतकी वर्षं अपघातांसाठीच ओळखलं गेलं. उतार, वेग आणि लागोपाठ दोन उलट दिशांची वळणं जिथे एकत्र येतात, तिथे जमिनीला धरून चालणारी गाडी चालकाला चूक सावरायला जास्त वाव देते.

गाडी कुठलीही घ्या, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे का ते विचाराच. घसरणाऱ्या गाडीचं एकेक चाक स्वतंत्रपणे ब्रेक करून ती रस्त्यावर ठेवण्याचं काम ते करतं. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर, धुक्यात आणि शेवाळलेल्या डांबरावर, सनरूफपेक्षा ते हजारपट मोलाचं.

पायरी ४: डिकी लिटरमध्ये नाही, पोत्यांत मोजा

गावाहून परतताना गाडीत काय काय येतं? तांदळाचं पोतं, कोरेगावकडचा घेवडा, गुळाच्या ढेपा, नारळ, लोणच्याच्या बरण्या, दोन सुटकेस, आणि आयत्या वेळी काकूंनी दिलेली केळफुलं. हे सगळं बसवायचं तर तीन गोष्टी बघाव्या लागतात: जागा किती, तोंड केवढं आणि उंबरा किती उंच.

जागेचे आकडे आधी पाहू. स्लाव्हियाची डिकी ५२१ लिटर, कुशाकची ३८५. ह्युंदाईच्या वेर्नाची ५२८, क्रेटाची ४३३. परदेशात ऑक्टाव्हिया कॉम्बीची ६४० लिटर आणि स्कोडाच्याच करॉक या एसयूव्हीची ५२१. दर वेळी लांब गाडी पुढे. कारण सोपं आहे: सामान जमिनीवर पसरतं, हवेत नाही. उंच डिकीत वरची जागा वापरायची तर सामान एकावर एक रचावं लागतं. मग मागचं दिसत नाही, आणि जोरात ब्रेक लागला की वरची पिशवी थेट माणसांच्या मानेवर येते.

तोंडाच्या बाबतीत सेडान कमी पडते, हे मान्य करायला हवं. डिकी ५२१ लिटरची, पण झाकण उघडलं की फट अरुंद. कूलर किंवा मुलाची सायकल आत जाणार नाही. इस्टेटचा दरवाजा टपापासून उघडतो आणि मागची सीट पाडली की पुढच्या सीटपर्यंत सपाट जमीन मिळते. आजी-आजोबांची व्हीलचेअर नेणाऱ्या घराला याची किंमत लगेच कळेल.

उंबरा म्हणजे डिकीची खालची कड. बुटक्या गाडीत ती मांडीपाशी येते, उंच गाडीत कमरेपर्यंत किंवा त्याहून वर. शोरूममध्ये जाताना टेप घेऊन जा आणि ती मोजा. मग मनातल्या मनात पंचवीस किलोचं पोतं तितकं उचला. हे काम घरात कोण करणार आहे, त्या माणसालाच सोबत न्या.

टपावर कॅरिअर लावू, असं कोणी म्हणेल. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पुष्कळदा ५० ते ७५ किलोच, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरावं लागतं. शिवाय उंच गाडीच्या डोक्यावर आणखी वजन चढवणं म्हणजे मागच्या पायरीत शिकलेलं विसरणं.

पायरी ५: घरातल्या गुडघ्यांना विचारा

एका बाबतीत उंच गाडी सरळ जिंकते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बुटक्या गाडीत खाली बसायला आणि उठायला त्रास होतो. एसयूव्हीची सीट नितंबांच्या पातळीवर असते, सरकलं की बसलं. घरात असं कोणी असेल तर त्यांना दोन्ही गाड्यांत चार वेळा बसवून-उठवून बघा आणि त्यांचा शब्द शेवटचा माना. मात्र फार उंच गाडीत पायरीवर चढून बसावं लागतं, तेही त्यांना जमत नाही. मधली उंची त्यांच्यासाठी सगळ्यात बरी.

उंचावरून लांबचं दिसतं हेही खरं. पण जवळचं दिसत नाही. उंच बॉनेटपुढे उभं असलेलं लहान मूल चालकाच्या नजरेत येत नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की ज्यांच्या बॉनेटची कड एक मीटरहून उंच आहे अशा वाहनांची, पाऊण मीटरपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा पादचाऱ्याला धडकल्यास जीव घेण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. आपल्याकडच्या लहान एसयूव्ही इतक्या उंच नसतात, पण दिशा तीच. साताऱ्याच्या पेठांमध्ये, शाळा सुटायच्या वेळी, मला हा विचार महत्त्वाचा वाटतो.

पायरी ६: पैशांचं गणित

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. समोरून रुंद आणि उंच असलेली गाडी जास्त हवा कापते, म्हणून एकच इंजिन असूनही हायवेवर बुटकी गाडी ॲव्हरेज जास्त देते. शहरात हा फरक कमी जाणवतो. पुणे-सातारा वारंवार करणाऱ्याला तो पेट्रोलच्या बिलात दिसतो. मोठे टायर बदलायची वेळ आली की तिथेही एसयूव्ही महाग पडते.

पासिंगचा खर्चही बघा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. उंच मॉडेलसाठी लाखभर वाढवताना तुम्ही वरच्या टप्प्यात तर जात नाही ना, हे डीलरकडून लेखी कोटेशन घेऊनच ठरवा.

पायरी ७: मग घ्यायचं काय?

नवी गाडी हवी आणि माणसं चार-पाचच असतील, तर मागची सीट ६०:४० दुमडणारी मोठी सेडान बघा. स्लाव्हिया आणि तिची बहीण फोक्सवॅगन व्हर्टस यांच्या काही मॉडेलांत ही सोय आहे. जे मॉडेल घेणार त्याच मॉडेलची सीट शोरूममध्ये पाडून बघा.

माझी खरी शिफारस मात्र अर्टिगाची. लोक तिला सात सीटर म्हणून घेतात आणि मग डिकी नाही म्हणून कुरकुरतात, कारण तिन्ही रांगा उभ्या असताना २०९ लिटरच उरतात. तिसरी रांग कायमची पाडून ठेवा. ५५० लिटरची सपाट जागा, मोठा मागचा दरवाजा, फार उंच नाही अशी सीट. भारतात आज परवडणाऱ्या किमतीत इस्टेटच्या इतकं जवळ दुसरं क्वचितच काही मिळेल. पाहुणे आले तर दोन सीट जादा आहेतच.

सेकंडहँड चालणार असेल तर ऑक्टाव्हिया आणि २०१६ नंतरची सुपर्ब. दिसायला सेडान, पण डिकीचं झाकण मागच्या काचेसकट उघडतं आणि आत सहाशे लिटरच्या आसपास जागा. दोन्ही २०२३ मध्ये नियमित विक्रीतून गेल्या. सर्व्हिस स्वस्त नाही, म्हणून जवळचं वर्कशॉप कुठे आहे ते आधी बघा आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी मागा. लहान बजेटमध्ये होंडा जॅझ शोधा. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्यानं तिच्या काही मॉडेलांत मागच्या सीटचा बसायचा भाग वर उचलून उभा करता येतो आणि उंच कुंडीसुद्धा उभी मावते. मरिना दिसली तर मोह होईल, पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पार्ट शोधायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

सेकंडहँड गाडी एमएच ११ ची (सातारा) असो, ५० ची (कराड) किंवा १० ची (सांगली), पुरात बुडालेली नाही ना हे तपासा. स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत वाळलेला गाळ बघा. सीट पुढे सरकवून रुळांवरचा गंज बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला मळकट पट्टा असेल तर तिथवर पाणी आलं होतं. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास अत्तरानंही लपत नाही. कर्जाचा बोजा आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे का तेही पाहून घ्या.

पायरी ८: टेस्ट ड्राइव्ह घरच्यांसकट

पोवई नाक्याभोवती एक चक्कर मारून काही कळत नाही. घरातली सगळी माणसं बसवा, एक लांब आणि एक उंच अशा दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट यासाठी उत्तम. त्याच वळणावर, त्याच बेताच्या वेगानं दोन्ही गाड्या न्या आणि मागे बसलेल्यांना विचारा. मग दुसऱ्या पायरीत हेरून ठेवलेले ते कुप्रसिद्ध गतिरोधक भरल्या गाडीनं ओलांडून बघा. घासली तर ती गाडी बाद, माझं काहीही मत असो.

बुकिंगआधी घरचं पार्किंग मोजा. साडेचार मीटरच्या गाडीला पुढे-मागे थोडी जागा सोडून पाच मीटर तरी हवेत. जुन्या वाड्याच्या दिंडीतून वळवून आत घ्यायची असेल तर डीलरची गाडी घरी आणूनच खात्री करा.

गाडी आल्यावर सामान भरताना जड पोती सीटच्या पाठीला चिकटवून तळाशी ठेवा, हलकं वर, आणि काचेच्या कडेच्या वर काही नको. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर टायरच्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात भरल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. गावाला निघायच्या आदल्या संध्याकाळी, टायर थंड असताना, त्या आकड्यापर्यंत हवा भरून घ्या आणि स्टेपनीचीही बघा.